फोटोशॉपचा क्रॅक मागण्याआधी, तुम्ही नक्की काय विकताय ते सांगा



नवा कॅमेरा हप्त्यावर घ्यावा का, या विषयावर व्हिडिओ टाकला आणि त्यानंतर सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न कॅमेऱ्याचा नव्हताच. प्रश्न होता, "ताई, एडिटिंगला कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?" आणि बऱ्याच जणांचं लगेच पुढचं वाक्य, "फोटोशॉपचं फुल व्हर्जन क्रॅक असेल तर लिंक द्या ना."

त्यात एक मुलगा आहे. सत्तर हजारांचा कॅमेरा, त्यातले चाळीस हजार आईने बचत गटातून काढून दिलेले. पहिली ऑर्डर बारशाची, येत्या रविवारी. लॅपटॉप भावाचा. त्याने विचारलं, "ताई, आता सॉफ्टवेअरला पैसे नाहीत, क्रॅक टाकू ना? सगळेच वापरतात."

सगळेच वापरतात हे खरं आहे. मीही वापरलंय. म्हणून हा लेख. माझं मत आधीच सांगून टाकते: पहिले सहा महिने सॉफ्टवेअरवर एक रुपयाही घालवू नका, आणि क्रॅक तर मुळीच टाकू नका. ही दोन्ही वाक्यं एकत्र खरी कशी, ते खाली सांगते.

आमचं विट्याला फोटो स्टुडिओ आणि फ्रेमचं दुकान आहे, हे चॅनल बघणाऱ्यांना माहीतच आहे. अण्णा फिल्मच्या काळातले. निगेटिव्हवर पेन्सिलीच्या टोकाने चेहऱ्यावरचे डाग घालवताना मी त्यांना लहानपणी बघितलंय. तेच त्यांचं एडिटिंग सॉफ्टवेअर. मी बीबीए करून दुकानात बसायला लागले तेव्हा मला वाटायचं की अण्णांना धंदा कळत नाही, तो मला कळतो. पहिल्याच महिन्यात मी कॉम्प्युटर फॉरमॅट करून घेतला आणि रिपेअरवाल्याने विंडोजसोबत फोटोशॉप, लाइटरूम आणि अल्बमचं एक सॉफ्टवेअर असं सगळं पाचशे रुपयांत टाकून दिलं. जाताना म्हणाला, "अँटीव्हायरस बंद ठेवा मॅडम, नाहीतर क्रॅक उडतो." मी बंद ठेवला. पाच-सहाशे रुपयांत लाखाचा माल मिळाला म्हणून खूशही झाले.

दोन लग्नसराया नीट गेल्या. तिसऱ्या वर्षी, मे महिन्यात, सकाळी दुकान उघडलं तर प्रत्येक फोल्डरमधल्या फाइलींची नावं बदललेली. एकही फोटो उघडेना. प्रत्येक फोल्डरमध्ये एक टेक्स्ट फाइल, त्यात पैसे कुठे भरायचे ते लिहिलेलं. बॅकअपची हार्ड डिस्क होती, पण ती कायम कॉम्प्युटरलाच जोडलेली असायची. तिच्यातलंही सगळं गेलं. व्हायरस नक्की कुठल्या फाइलमधून आला हे मी शपथेवर सांगू शकत नाही. पण घराला कुलूप लावू नका असं सांगणाऱ्याचं ऐकून मीच दार उघडं ठेवलं होतं.

एका लग्नाचं मेमरी कार्ड अजून पुसलं नव्हतं, ते वाचलं. दुसऱ्या लग्नाचं काहीच राहिलं नाही. फक्त सिलेक्शनसाठी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले शे-दीडशे बारके फोटो. अण्णा आणि मी त्या घरी गेलो, अ‍ॅडव्हान्स परत केला, माफी मागितली. माणसं सज्जन होती, ओरडली नाहीत. दोन महिन्यांनी त्यांच्या घरची आजी गेली. मुलगा तसबीर करायला माझ्याच दुकानात आला, कारण नातीच्या लग्नातला तो व्हॉट्सअ‍ॅपचा फोटो हाच आजींचा शेवटचा चांगला फोटो होता. बारा बाय अठराची फ्रेम. चेहरा फुटला. मी दोन दिवस बसून जेवढा सावरता आला तेवढा सावरला. पैसे घेतले नाहीत. आजही त्या गल्लीतून जाताना मी गाडीचा वेग वाढवते.

कायद्याचंही एकदा सांगून ठेवते. आपल्या कॉपीराइट कायद्यात, म्हणजे १९५७ च्या कायद्यात, कलम ६३ बी आहे. चोरीची सॉफ्टवेअर कॉपी माहीत असून वापरली तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. धंद्यासाठी न वापरणाऱ्याला कोर्ट कैदेतून सूट देऊ शकतं. तुम्ही धंद्यासाठीच वापरणार आहात. पोलीस उद्या दारात येतील असं मी म्हणत नाही. पण दुकानाची पाटी लावून, जीएसटी नंबर घेऊन, बिलं फाडून हे करायचं असेल तर डोळे उघडे ठेवून करा.

आता मूळ प्रश्नाकडे. "कुठलं सॉफ्टवेअर चांगलं?" हा प्रश्न मला "कुठलं वाहन चांगलं?" असा वाटतो. दूध घालायचंय की ऊस वाहायचाय, ते आधी सांगा.

पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्सचं दुकान टाकताय? मग तुमचं काम म्हणजे ३५ बाय ४५ मिलिमीटरचा फोटो कापायचा, मागचं पांढरं करायचं आणि चार बाय सहाच्या कागदावर आठ बसवायचे. बस्स. याला महिन्याच्या भाड्याचं सॉफ्टवेअर कशाला? गिम्पमध्ये हे आरामात होतं. गिम्प १९९० च्या दशकापासून आहे, पूर्ण फुकट आहे, धंद्यासाठी वापरायला परवानगी आहे. मार्च २०२५ मध्ये त्याची ३.० आवृत्ती आली, त्यात इफेक्ट दिल्यावर मूळ फोटो तसाच ठेवून नंतर तो इफेक्ट बदलताही येतो. इन्स्टॉल करायचं नसेल तर फोटोपी हे ब्राउझरमध्ये चालतं, दिसायला बरंचसं फोटोशॉपसारखं आहे आणि पीएसडी फाइलही उघडतं. जाहिराती दिसतात, तेवढं सोसा.

गावातल्या साड्यांचे, लोणच्याचे, दागिन्यांचे फोटो काढून देणार असाल आणि तेही मोबाइलवर, तर सुरुवातीला गुगलचं स्नॅपसीड पुरतं. खरंच पुरतं. साडीचा रंग फोटोत जसा आहे तसाच आला पाहिजे, एवढंच तिथे महत्त्वाचं. फिल्टर मारून मोरपंखी रंग निळा करून ठेवलात तर साडी परत येणार आणि दुकानदार तुम्हाला परत बोलावणार नाही.

पण तुमच्यातले बहुतेक जण बारसं, हळद, लग्न, वाढदिवस या ऑर्डरींसाठी कॅमेरा घेतायत. तिथे खरा खेळ आहे, म्हणून तिथे जरा थांबूया.

हळदीचा मांडव डोळ्यासमोर आणा. वर लाल-पिवळं कापड, त्यातून झिरपणारं ऊन. बाजूला पांढरी एलईडी. नवरीच्या अंगाला हळद, नेसलेली साडी पिवळी. कॅमेऱ्याला बिचाऱ्याला पांढरं काय हेच कळत नाही. जेपीईजीमध्ये काढलेल्या फोटोत सगळ्यांना कावीळ झालेली दिसते आणि मामाचं पांढरं शर्ट नारिंगी येतं. आता हे घरी सुधारायला गेलात तर जेपीईजीत एका रंगाच्या २५६ पायऱ्याच असतात. थोडं ओढलं की चेहऱ्यावर पट्टे उमटतात. तोच फोटो रॉमध्ये काढला असेल तर १४ बिटच्या फाइलमध्ये १६,३८४ पायऱ्या असतात. शिवाय रॉमध्ये व्हाइट बॅलन्स पक्का भाजलेला नसतो, तो तुम्ही नंतर ठरवता. मामाच्या शर्टावर क्लिक केलं की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं म्हणजे हळद पिवळी ठेवून कातडीचा रंग परत आणायचा. त्याला डोळा लागतो आणि तो कुठल्याच सॉफ्टवेअरसोबत मिळत नाही.

म्हणजे फंक्शन करणाऱ्याला सगळ्यात आधी लागतं ते फोटोशॉप नाही. लागतं ते रॉ उघडणारं आणि एका फोटोवर केलेलं काम शंभर फोटोंवर एकदम चढवणारं सॉफ्टवेअर. हिशेब बघा. लग्नाचे निवडलेले ८०० फोटो. एकेक फोटो उघडून दोन मिनिटं दिली तर १,६०० मिनिटं, म्हणजे साडेसव्वीस तासांच्या वर. तेच एका मांडवातल्या, एका उजेडातल्या फोटोंना एकदम सेटिंग लावून प्रत्येकाला वीस सेकंद दिले तर साधारण साडेचार तास. लग्नसराईत बावीस तास वाचणं म्हणजे काय, ते हे काम करणाऱ्यालाच कळतं. फोटोशॉपमध्ये एकेक फोटो उघडून बसणारी मुलं मी बघते आणि मला त्यांच्या झोपेची काळजी वाटते.

हे काम फुकटात कुठे होतं? पहिलं उत्तर तुमच्या कॅमेऱ्याच्या कंपनीकडेच आहे आणि ते कोणी सांगत नाही. कॅनन असेल तर डिजिटल फोटो प्रोफेशनल, निकॉन असेल तर एनएक्स स्टुडिओ. कंपनीच्या साइटवरून फुकट उतरवून घ्यायचं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसलेला रंग यात जवळजवळ तसाच उघडतो, त्यामुळे नवीन माणूस घाबरत नाही. संथ आहेत, दिसायला जुनाट आहेत, पण एका फोटोचं सेटिंग दुसऱ्यांवर चढवता येतं. बारशाच्या दोनशे फोटोंना हे भरपूर झालं.

त्याच्या पुढची पायरी डार्कटेबल किंवा रॉथेरपी. दोन्ही मुक्त आणि फुकट. डार्कटेबल उघडल्यावर पहिल्या दिवशी तुम्ही मला शिव्या घालणार, हे मी आत्ताच लिहून ठेवते. रॉ फोटो फिका दिसतो, बटणं पन्नास, नावं अगम्य. जुन्या लॅपटॉपवर जरा धापही टाकतं. अगदी नवा कॅमेरा असेल तर त्याची रॉ फाइल ओळखायला काही महिने लागू शकतात, म्हणून आधी त्यांच्या साइटवर आपलं मॉडेल शोधा. पण पंधरा दिवस चिकाटी धरली तर त्यातली चार-पाच मॉड्यूलंच रोज लागतात हे कळतं. उजेड-अंधार आणि रंग वेगवेगळे कसे सुधारायचे हे तुम्ही तिथे जितकं शिकाल तितकं एका क्लिकच्या प्रीसेटमध्ये शिकणार नाही.

आणि अ‍ॅफिनिटी. आधी हे विकत मिळायचं. कॅनव्हाने ती कंपनी २०२४ मध्ये घेतली आणि ऑक्टोबर २०२५ पासून अ‍ॅफिनिटी फुकट केलं, फक्त खातं उघडावं लागतं. एआयची साधनं हवी असतील तर त्यांना पैसे. रिटचिंगला, बॅनरला, कार्डाला मला ते आवडतं. पण ८०० फोटोंची निवड आणि एकत्र रंगकाम यासाठी ते बनवलेलंच नाही. आणि आज फुकट आहे म्हणजे कायम राहील असं धरून धंद्याचं गणित मांडू नका.

मग पैसे कधी भरायचे?

पैसे भरायचेच नाहीत असं मी म्हणत नाही. माझ्या दुकानात आज लाइटरूम आणि फोटोशॉप दोन्ही आहेत, रीतसर भाडं भरून. २०१३ मध्ये अडोबीने एकदाच विकत देणं सोडून भाड्याचा रस्ता धरला, तेव्हापासून हे मालकीचं राहिलेलं नाही. वीजबिलासारखं आहे. त्यामुळे त्याच्याकडे वीजबिलासारखंच बघायचं. समजा जीएसटी धरून महिना हजार रुपये पडतात. आकडा हिशेबापुरता धरलाय, खरा भाव साइटवर बघून मगच वही उघडा. वर्षाला बारा हजार. वर्षाला चार ऑर्डरी असतील तर प्रत्येक ऑर्डरीवर तीन हजारांचा बोजा. चाळीस ऑर्डरी असतील तर तीनशे. चारवाल्याने घेणं हा शौक आहे, चाळीसवाल्याने न घेणं हा कंजूषपणा.

माझा स्वतःचा नियम असा: फुकटच्या सॉफ्टवेअरमुळे वाया जाणाऱ्या तासांची मजुरी भाड्यापेक्षा जास्त व्हायला लागली की भाडं भरा. त्या दिवशी तुम्हाला कोणाला विचारावंही लागणार नाही, तुमची मान आणि पाठ सांगेल.

भरताना दोन गोष्टी नीट वाचा. "वार्षिक करार, मासिक हप्ता" असा प्लॅन दरमहा सोडता येत नाही. अडोबीच्या अशा प्लॅनमध्ये पहिल्या चौदा दिवसांनंतर मध्येच सोडलं तर उरलेल्या वर्षाच्या रकमेचा निम्मा भाग द्यावा लागतो, आणि ही अट नीट दाखवली जात नाही या आरोपावरून अमेरिकेच्या सरकारने जून २०२४ मध्ये त्या कंपनीवर दावाही लावला. दुसरं, जुन्या व्हिडिओत दाखवलेले भाव धरून चालू नका. २० जीबीचा स्वस्त फोटोग्राफी प्लॅन जानेवारी २०२५ पासून नव्या ग्राहकांना मिळत नाही. माझ्याही एका जुन्या व्हिडिओत तोच प्लॅन सांगितलाय, तो भाग दुर्लक्षित करा.

"पण ताई, अल्बम?" हो, येतेच त्यावर. बारा बाय छत्तीसचं एक पान ३०० डीपीआयला ३,६०० बाय १०,८०० पिक्सेल होतं. तशी वीस-तीस पानं, प्रत्येक पानावर दहा लेयर. भावाचा लॅपटॉप तिथेच बसणार. माझं म्हणणं, पहिल्या वर्षी अल्बम स्वतः डिझाइन करूच नका. तुम्ही रंग दुरुस्त करून निवडलेले फोटो डिझायनरला द्या, तो पानामागे पैसे घेतो, ते पैसे सरळ ग्राहकाच्या बिलात धरा. मी वर्षभर हेच केलं. नंतर स्वतः करायला लागल्यावर कळलं की कुठल्या पानाला किती वेळ जातो आणि मी किती कमी पैसे सांगत होते.

अल्बमवरून एक खास आपल्या मराठी लोकांची अडचण. कुठलंही सॉफ्टवेअर घेण्याआधी त्यात "ज्ञानेश्वर", "ऐश्वर्या", "श्रीकृष्ण", "चि. सौ. कां." एवढं टाइप करून बघा. जोडाक्षरं तुटली, वेलांटी भलत्या अक्षराला लागली, तर ते सॉफ्टवेअर तुमच्या लग्नपत्रिकेच्या आणि फ्रेमच्या कामाचं नाही. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांमध्येही अक्षरं तुटायची, तेव्हा टेक्स्ट इंजिनच्या सेटिंगमध्ये जाऊन वर्ल्ड-रेडी लेआउट चालू करावं लागायचं. गिम्पमध्ये युनिकोड मराठी सहसा नीट बसतं. नवरीचं नाव चुकलेला अल्बम परत छापायचा खर्च कोण देतं ते मी सांगायला नको.

मग वाचलेल्या पैशांचं काय करायचं? दोन हार्ड डिस्क घ्या. एक दुकानात, एक घरी, आणि कॉपी झाली की वायर काढून ठेवा. वायर काढून ठेवा हे मी दोनदा का लिहीन ते तुम्हाला कळलं असेल. तिसरी कॉपी कॉम्प्युटरवर असतेच. दुसरा खर्च स्क्रीनचा. स्वस्त लॅपटॉपची स्क्रीन निळसर आणि भडक उजेडाची असते, त्यावर छान दिसणारा फोटो लॅबमधून काळपट येतो आणि आपण लॅबवाल्याशी भांडतो. ब्राइटनेस कमी करा, फाइल एसआरजीबीमध्ये सेव्ह करा, ज्या लॅबकडे अल्बम देणार तिथून आठ बाय बाराची दोन प्रिंट काढा आणि स्क्रीनशेजारी धरून बघा. शे-दोनशे रुपयांत जे कळतं ते महिनाभर व्हिडिओ बघून कळत नाही. माझेही धरून.

त्या बारशाच्या मुलाला मी असं सांगितलंय. रविवारी कॅमेरा रॉ अधिक जेपीईजीवर ठेव. घाई झाली तर जेपीईजी हाताशी आहे. त्याचा कॅमेरा कॅननचा, म्हणून डिजिटल फोटो प्रोफेशनल आत्ताच उतरवून घे आणि शनिवारी घरातल्या कोणाचे तरी खिडकीजवळ वीस फोटो काढून त्यावर हात बसव. बारशानंतर कार्ड लगेच पुसू नकोस. पाळण्यातल्या बाळाचा, आत्याचा आणि आजी-आजोबांचा असे तीन फोटो आधी नीट कर, प्रिंट काढ आणि बिलासोबत फुकट दे. लॅपटॉपवर भावाने आधीच कुठून तरी क्रॅक टाकून ठेवलाय असं तो म्हणाला. तो काढ, अँटीव्हायरस चालू कर, मगच कार्ड लाव, असं त्याला दोनदा लिहिलंय. अजून उत्तर आलेलं नाही.

गुरुवारच्या व्हिडिओत मी हळदीचा एकच फोटो कॅननच्या सॉफ्टवेअरमध्ये, डार्कटेबलमध्ये आणि लाइटरूममध्ये उघडून तिन्हीकडे किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून दाखवणार आहे. तुमच्याकडे सगळ्यात बिघडलेला हळदीचा फोटो असेल तर रॉ फाइलसकट पाठवा. फोटोतल्या माणसांना विचारूनच पाठवा, आणि मूळ फाइल स्वतःकडे ठेवा.